जनुकीय चाचणी : अहवाल कोणाचा, निर्णय कोणाचा?

(आरोग्य क्षेत्रात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचे शब्दांकन)



सातपुड्यातील पाड्यांवर, मेळघाटात आणि गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात गेली काही वर्षे रक्ततपासणीची शिबिरे सातत्याने होत आहेत. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. जनजातीबहुल भागांतील शून्य ते चाळीस या वयोगटातील सात कोटी लोकांची तपासणी करणे आणि २०४७ पर्यंत या आजाराचे निर्मूलन करणे, हे त्याचे घोषित उद्दिष्ट आहे. जनुकीय तपासणीचे एवढे विशाल काम जगात फार थोड्या ठिकाणी हाती घेतले गेले असेल.

या शिबिरांना लोकांना घेऊन येणारा कार्यकर्ता बहुधा त्याच परिसरातला असतो. सरकारी गाडीतून आलेल्या तंत्रज्ञाला गाव ओळखत नाही, कार्यकर्त्याला ओळखते. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून आई आपल्या मुलीचा हात पुढे करते. मग वहीत त्या मुलीच्या नावापुढे दोन अक्षरे लिहिली जातात : एए, एएस किंवा एसएस. ही अक्षरे तापाच्या नोंदीसारखी आठ दिवसांनी निरर्थक होत नाहीत. ती तिच्या विवाहापर्यंत, तिच्या संततीपर्यंत तिच्यासोबत जातात. इतकेच नव्हे, तर तिच्या भावंडांविषयी आणि आईवडिलांविषयीही काही सांगून जातात. त्यांच्यापैकी कोणी चाचणीला बसलेले नसले तरीही! म्हणूनच या चाचणीचे विज्ञान आणि तिचे नीतिशास्त्र ही दोन्ही एकत्रच समजून घ्यावी लागतात.

रक्तातील हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले की सिकल हिमोग्लोबिन तयार होते. प्राणवायू कमी पडला की असे हिमोग्लोबिन असलेल्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना, रक्तक्षय, जंतुसंसर्ग, प्लीहेचे विकार अशी मालिका सुरू होते. मात्र हे घडते ते आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आलेल्या व्यक्तीत, म्हणजे ‘एसएस’मध्ये. एकाकडूनच ते आले असेल तर ती व्यक्ती ‘एएस’, अर्थात वाहक. वाहक शेतात राबतो, सैन्यात जातो, संसार करतो. तो रुग्ण नव्हे. दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्णतः निर्दोष असण्याची २५ टक्के असते. ‘चार मुलांत एक’ असा याचा अर्थ लावण्याची चूक सुशिक्षित घरांतही होते. पहिले मूल रुग्ण निघाले म्हणून पुढची तीन निश्चिंत, असे नसते. दर खेपेस फासे नव्याने पडतात.

भारतात या विकाराची नोंद प्रथम झाली ती १९५२ मध्ये, निलगिरीच्या डोंगरांतील जनजातींत. महाराष्ट्रात पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी दुर्गम वनवासी भागांत जाऊन या विषयावर कित्येक दशके काम केले. २०१९ मध्ये पद्मश्री देऊन राष्ट्राने त्यांचा गौरव केला. हे जनुक मलेरियाग्रस्त प्रदेशांतच का टिकून राहिले, याचा उलगडा पूर्व आफ्रिकेत संशोधन करणाऱ्या ॲन्थनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये केला. वाहकाला मलेरियाच्या घातक प्रकारापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. ज्याला आज ‘दोष’ म्हटले जाते, ती पूर्वजांनी मलेरियाशी दिलेल्या झुंजीची खूण आहे. गावात ‘तुमच्या रक्तात खोट आहे’ अशी भाषा वापरण्यापूर्वी एवढे तरी ठाऊक असावे.

चाचणीचे लाभ वादातीत आहेत. रुग्ण बालक लवकर ओळखले गेले तर पेनिसिलिन, न्यूमोनियाविरोधी लस, फॉलिक आम्ल आणि पुढे हायड्रॉक्सियुरिया यांच्या आधारे त्याचे आयुष्य वाढते आणि सुसह्यही होते. थंडी, निर्जलीकरण आणि अतिश्रम टाळावेत एवढे आईला वेळीच कळले, तरी अर्धी लढाई जिंकली जाते. नवजात अर्भकाच्या टाचेतून रक्ताचे चार थेंब घेऊन होणाऱ्या तपासणीचेही तसेच आहे. गोव्याने २००८ मध्ये असा कार्यक्रम राज्यपातळीवर सुरू केला होता. थायरॉईडची जन्मजात कमतरता पहिल्या काही आठवड्यांत कळली तर स्वस्तातली रोजची एक गोळी त्या बालकाला मतिमंदत्वापासून वाचवते. जिथे ज्ञानाबरोबर उपायही हाती येतो, तिथे चाचणी न करणे हाच अपराध ठरेल.

हा केवळ वनवासी बांधवांचा प्रश्न आहे, हा समज मात्र शहरी मध्यमवर्गाने मनातून काढून टाकलेला बरा. थॅलेसेमिया हा याच कुळातला विकार सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली या समाजांत विशेष आढळतो. फाळणीच्या वेळी सर्वस्व गमावून उल्हासनगरच्या छावण्यांत आलेल्या कुटुंबांनी व्यापार पुन्हा उभा केला, शाळा-महाविद्यालये उभारली. पण अनेक घरांत दर तीन-चार आठवड्यांनी लेकराला रक्त चढवण्याचे व्रतही मागे लागले. रक्तासोबत शरीरात साठणारे लोह काढण्याची औषधे निराळीच. विवाहापूर्वी हिमोग्लोबिन ए-टू मोजण्याची एक साधी चाचणी झाली असती, तर यांतील कित्येक मातापित्यांना पुढचा निर्णय डोळसपणे घेता आला असता.

मग अडचण कुठे आहे? ती चाचणीच्या नळीत नाही, चाचणीनंतरच्या वागण्यात आहे.

अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या आरंभी अनेक राज्यांनी घाईघाईने सिकलसेल चाचणी सक्तीची करणारे कायदे केले. कुठे शाळाप्रवेशासाठी, कुठे विवाहाच्या परवान्यासाठी. समुपदेशनाची व्यवस्था नव्हती. काही कायद्यांच्या मसुद्यांत वाहक आणि रुग्ण यांच्यातील भेदसुद्धा धड मांडलेला नव्हता. परिणाम असा झाला की ठणठणीत कृष्णवर्णीय तरुणांना नोकऱ्या नाकारल्या गेल्या, विमा नाकारला गेला. अमेरिकी वायुसेनेच्या प्रबोधिनीची दारे वाहकांना १९८१ पर्यंत बंद होती. ज्या लायनस पॉलिंग यांनी १९४९ मध्ये हा ‘रेणूचा आजार’ असल्याचे जगाला दाखवून दिले, त्याच नोबेलविजेत्या शास्त्रज्ञाने १९६८ मध्ये वाहक तरुण-तरुणींच्या कपाळावर तशी खूण गोंदवावी, अशी सूचना केली. म्हणजे वाहकांनी एकमेकांना पाहताच ओळखावे आणि परस्परांच्या प्रेमात पडू नये! हेतू रोग टाळण्याचाच होता. कपाळावर गोंदलेली खूण समाज केवळ विवाहापुरती वाचत नाही, एवढेच त्या थोर बुद्धीला सुचले नाही.

ग्रीसमधील ऑर्कोमेनोस या गावाचा अनुभव त्याहून बोलका आहे. तिथे सद्भावनेने, शिक्षणासह सिकलसेलची तपासणी झाली आणि प्रत्येकाला आपापली स्थिती कळवली गेली. काही वर्षांनी अभ्यासक परत गेले तेव्हा वाहकांवर, विशेषतः वाहक मुलींवर, कलंक बसलेला दिसला. विवाह मोडू नये म्हणून लोक आपली स्थिती लपवू लागले होते, आणि दोन वाहकांचे विवाह तपासणीमुळे काही कमी झालेले नव्हते. लपवावे लागणारे ज्ञान उपयोगाचे राहत नाही, हे त्या गावाने दाखवून दिले.

याउलट सायप्रसचे उदाहरण. या बेटावर दर सात माणसांमागे साधारण एक थॅलेसेमियाचा वाहक. १९८० च्या दशकात तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चने विवाहापूर्वी चाचणीचे प्रमाणपत्र आवश्यक केले. परंतु त्या प्रमाणपत्रावर काय लिहिलेले असे? वर-वधूंची चाचणी झाली आहे आणि त्यांना सल्ला मिळाला आहे, एवढेच. निकाल काय आला, याचा त्यावर उल्लेख नसे. धर्मसंस्थेने माहिती घेण्याचा आग्रह धरला, निकाल मात्र त्या दोघांचाच ठेवला. बहुसंख्य वाहक जोडप्यांनी विवाह केलेच. पुढे गर्भाची तपासणी करून त्यांनी आपले निर्णय घेतले. थॅलेसेमियाग्रस्त अपत्यांचे जन्म काही वर्षांतच जवळजवळ थांबले. न्यूयॉर्कमधील कर्मठ ज्यू समाजाने वेगळाच मार्ग शोधला. टे-सॅक्स या प्राणघातक विकाराने स्वतःची चार मुले गमावलेल्या रब्बी योसेफ एकस्टीन यांनी १९८३ मध्ये ‘दोर येशोरिम’ ही व्यवस्था उभी केली. तरुणांची चाचणी होते आणि त्यांना फक्त एक क्रमांक मिळतो. स्थळ पुढे आले की दोन्ही क्रमांक कळवायचे. जोडी अनुरूप आहे की नाही, एवढेच उत्तर मिळते. कोण वाहक आहे हे त्या व्यक्तीलाही सांगितले जात नाही. स्वतःविषयीची माहिती स्वतःपासूनच दडवणे योग्य का, असा आक्षेप त्यावर आहे आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. तरीही कलंकाचा प्रश्न त्या समाजाने किती गांभीर्याने घेतला, हे त्यातून दिसतेच. जिथे लग्ने जुळवली जातात, अशा हिंदू समाजाला हे उदाहरण अमेरिकेच्या कायद्यांहून अधिक जवळचे वाटावे.

निर्मूलन हा शब्द उच्चारताना आणखी एक इतिहास विसरता येत नाही. ‘सुप्रजननशास्त्र’ हे एके काळी प्रतिष्ठित शास्त्र होते. १८८३ मध्ये फ्रान्सिस गाल्टनने त्याला नाव दिले, १९०७ मध्ये अमेरिकेतील इंडियाना राज्याने सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला आणि १९३३ मध्ये जर्मनीत नाझी राजवटीने तोच कित्ता गिरवून सुमारे चार लाख लोकांवर शस्त्रक्रिया लादल्या. या शास्त्राच्या बर्लिनमधील केंद्रात १९२७ नंतर एक मराठी विदुषी संशोधन करत होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते. इरावती कर्वे यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा वंशाशी संबंध आहे, हे मोजमापांतून दिसावे अशी त्यांची अपेक्षा. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा कोणताही संबंध आढळत नाही, असा निष्कर्ष गुरूच्या मताविरुद्ध प्रबंधात नोंदवला. वंशश्रेष्ठत्वाच्या त्या माहेरघरी जे मोजले तेच लिहिण्याचे धैर्य एका परक्या विद्यार्थिनीने दाखवले. पुढे त्याच फिशर यांच्या संस्थेने हिटलरच्या धोरणांना शास्त्राचा मुलामा दिला.

असे काही इकडे घडणार नाही, असे म्हणण्याची सोय महाराष्ट्राला नाही. गर्भजल परीक्षण १९७० च्या दशकात भारतात आले ते गर्भातील जनुकीय व्यंगे ओळखण्यासाठी. समाजाने त्याचा उपयोग मुलगी ओळखण्यासाठी केला. त्याला आळा घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. तरीही सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची राज्यातील संख्या १९९१ मध्ये ९४६ होती, ती २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाली. बीड जिल्ह्यात ती ८०७ इतकी घसरली. नवरात्रात कुमारिकापूजन करणाऱ्या घरांचाही या आकड्यांत वाटा आहे. उत्तम हेतूने आलेले तंत्र समाजाच्या जुन्या विकृतीच्या हाती पडले की काय होते, याचे यापेक्षा ठळक उदाहरण परदेशात शोधायला नको.

तीच विकृती रक्तचाचणीच्या अहवालातही डोकावू शकते. मुलगा वाहक असला तर ‘त्यात काय एवढे’ आणि मुलगी वाहक असली तर ‘मुलीत दोष आहे’ असा न्याय सहज होतो. वास्तविक एकटा वाहक कोणाच्याही संसाराला बाधक नाही. जोडीदार वाहक नसेल तर त्यांचे एकही अपत्य सिकलसेलचे रुग्ण होत नाही. फार तर वाहक होते. (जोडीदार थॅलेसेमियाचा वाहक असेल तर मात्र चित्र बदलते, म्हणून दोन्ही विकारांची तपासणी हवी.) अनुरूपता ही दोघांच्या अहवालांतून एकत्रितपणे ठरते, एकट्या मुलीच्या नव्हे. स्थळ पाहताना केवळ मुलीचा अहवाल मागणाऱ्या वरपक्षाला हे शांतपणे, परंतु स्पष्टपणे सांगायला हवे.

इथे जातींचाही विचार ओघाने येतो. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेचे कुमारसामी थंगराज, हार्वर्डचे डेव्हिड राइख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. दक्षिण आशियातील २६३ समाजगटांपैकी ८१ गट असे निघाले की, ज्यांचा जनुकीय पाया ज्यू किंवा फिनलंडवासीयांपेक्षाही संकुचित आहे. थोड्या पूर्वजांपासून वाढलेल्या आणि शतकानुशतके आपसांतच विवाह करणाऱ्या गटांत दुर्मीळ दोषही दोन्ही बाजूंनी एकत्र येण्याची शक्यता वाढते. आर्य वैश्य समाजातील काहींना शस्त्रक्रियेच्या वेळी दिलेल्या स्नायू शिथिल करणाऱ्या विशिष्ट औषधाचा परिणाम दीर्घकाळ राहतो, तो याच कारणाने. गोत्र आणि सपिंड संबंध टाळण्याचा नियम करणाऱ्यांना जवळच्या रक्ताचा धोका जाणवला असावा, असे म्हणायला जागा आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही सपिंड विवाहाला मनाई केली. पण गोत्र पाहणारा समाज जातीच्या, पोटजातीच्या कुंपणाबाहेर मात्र जात नाही, आणि काही भागांत मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्कच मानला जातो. सामाजिक समरसतेसाठी आंतरजातीय विवाहांचे स्वागत व्हावे, हा विचार मांडणाऱ्यांच्या बाजूने आता जनुकशास्त्रही उभे आहे. आणि प्रत्येक माणसाच्या रक्तात कोणती ना कोणती सदोष जनुके असतातच. कोणाची चाचणी झाली आहे, कोणाची नाही, एवढाच फरक.

कायद्याने काही वाट करून दिली आहे. सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यांचा २०१६ च्या दिव्यांग अधिकार कायद्यात समावेश झाला. जनुकीय विकाराच्या सबबीवर सरसकट आरोग्य विमा नाकारणे हा भेदभाव आहे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठरवले. कृत्रिम गर्भधारणेत भ्रूणाची जनुकीय तपासणी फक्त ज्ञात आनुवंशिक आजारांसाठीच करता येईल, असे २०२१ च्या कायद्याने बजावले. उंची, वर्ण किंवा बुद्धी ‘निवडून’ देण्याच्या जाहिरातींना त्याने तूर्त तरी अटकाव झाला. परंतु नोकरी, विमा, विवाह अशा सर्व क्षेत्रांत जनुकीय माहितीचा गैरवापर रोखणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही. अमेरिकेने नोकरी आणि आरोग्य विमा यांच्यापुरता तसा कायदा २००८ मध्ये केला. तोवर तरी कार्यकर्त्याची वही हाच पहिला बंदोबस्त आहे.

म्हणून काही पथ्ये. चाचणीपूर्वी ती कशाची, निकालाचा अर्थ काय आणि नाही म्हणण्याचा अधिकार आहे, हे पावरी, भिली, गोंडी, माडिया अशा त्यांच्या भाषेत सांगितले जावे. द्रावणात रक्ताचा थेंब टाकून होणारी जुनी प्राथमिक चाचणी वाहक व रुग्ण यांत भेद करू शकत नाही, आणि सहा महिन्यांखालील अर्भकांत ती विश्वासार्हही नसते. त्यामुळे पुढील निश्चितीची चाचणी झाल्याशिवाय कोणालाही काही सांगू नये. निकाल एकेकाला, बाजूला बसवून सांगावा. शाळेत वर्गापुढे नावे वाचणे, ग्रामपंचायतीच्या फलकावर यादी लावणे, शिबिराच्या छायाचित्रांत कार्ड हातात धरलेली मुले दाखवणे हे निव्वळ अज्ञानातूनही घडू शकते आणि त्याची किंमत ते मूल आयुष्यभर मोजते. उद्दिष्टाचा आकडा गाठण्याची घाई झाली की पहिला बळी समुपदेशनाचा जातो. ज्या दिवशी तपासणी पन्नासांची होऊ शकते पण बोलणे वीस जणांशीच होऊ शकते, त्या दिवशी वीसच तपासावेत.

राहिला प्रश्न ज्यांचा विवाह आधीच झाला आहे आणि दोघेही वाहक निघाले, अशा जोडप्यांचा. अभियानाचे घोषवाक्य त्यांच्या उपयोगाचे नाही. गर्भाची तपासणी साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यापासून होऊ शकते. त्यासाठी गर्भवतीची नोंदणी पहिल्या तीन महिन्यांत व्हायला हवी. पुढे काय करायचे, हे ती माता आणि तिचे कुटुंब कायद्याच्या मर्यादेत ठरवतील. गर्भ ठेवायचा त्यांचा निर्णय असेल तर ‘सांगूनही ऐकले नाही’ असा टोमणा मारण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्या बालकाचे दिव्यांग प्रमाणपत्र, औषधे आणि शाळेतील सवलती मिळवून देणे हे काम उरते. आणि तपासणी करून घ्यायची असेल, तर धडगावच्या एखाद्या पाड्यावरून मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्थेपर्यंत पोहोचणे म्हणजे आधी पायवाट, मग जीप आणि त्यानंतर एसटीचा रात्रभराचा प्रवास. त्या प्रवासात सोबत जाणारी एक भगिनी, मुंबईत दोन रात्री उतरण्याची जागा आणि अहवाल येईपर्यंत त्यांच्या भाषेत बोलणारे कोणी तरी, एवढी व्यवस्था प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांना उभी करायची आहे.